दोन गावांची राख

एका डोंगराला दोन गावं टेकून बसली होती. एक उगवतीला, एक मावळतीला. डोंगर केवढा म्हणाल, तर ढगसुद्धा त्याच्या कमरेशी थांबायचे, आणि शिखरावरचा बर्फ बघताना म्हाताऱ्यांची पागोटी मागे पडायची. गावं मात्र एकमेकांना ओळखत नव्हती. मधे डोंगर होता ना!

दोन्ही गावांची रीत एकच होती, आणि ती फक्त आपलीच आहे असं दोघांनाही वाटायचं. वर्ष सरलं की चौकात मोठा जाळ करायचा. गावातली आजारपणं, भांडणं, वाईट नजर, सगळं त्यात जळालं असं मानायचं. मग राख टोपल्यांत भरून थेट बर्फापर्यंत न्यायची, डोळे मिटून कड्यावरून भिरकावायची आणि ओरडायचं, "इडापिडा डोंगरापल्याड!" त्यानंतर मागे न बघता खाली यायचं. टाकलेल्या पीडेकडे वळून बघितलं तर ती पाठीशी लागते म्हणे. पल्याडही माणसंच राहतात, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. आलं असेल तरी बोलतो कोण?

एका वर्षी उगवतीच्या गावातून राख न्यायची पाळी सगुणा कुंभारणीवर आली. तिनं राख टाकली, आरोळी दिली आणि पाठ फिरवली. तेवढ्यात मागून पाण्याचा खळखळाट ऐकू आला. बर्फाच्या राज्यात पाणी कुठलं? सगुणानं मन घट्ट केलं आणि वळून बघितलं.

कड्यापलीकडे सरळ उतार नव्हताच. पलीकडे आणखी एक कडा होता, आणि दोन कड्यांच्या मधे परातीसारखी खोलगट जागा. त्या जागेत तळं होतं. एवढं अफाट, एवढं निळं, की सगुणाचे हात आपोआप जोडले गेले. अख्खं आभाळ त्यात मावलं होतं. तिनं जन्मात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

पण काठचा बर्फ पांढरा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेनं तो काळा पडला होता. काळी घोंगडी उन्हात तापते, तसा तो तापत होता आणि भराभर वितळून तळ्यात उतरत होता.

समोरच्या कड्यावर एक मेंढपाळ रिकामी टोपली घेऊन उभा होता. तो मावळतीच्या गावचा बिरा. त्यालाही पाण्याचा आवाज आला होता, आणि तोही वळला होता.

"कोण गं बाई तू?" त्यानं हाळी दिली.

"उगवतीची. राख टाकाया आले हुते."

"कुणाकडं?"

सगुणानं मान खाली घातली. "तुमच्याकडं. आन्‌ तू?"

"म्या तुमच्याकडं," बिरा म्हणाला.

काठाकाठानं चालत दोघं जवळ आली. उगवतीच्या बाजूला तळ्याला अडवून धरणारी बर्फाची भिंत होती. तिला भेगा पडल्या होत्या आणि त्यांतून पाणी झिरपत होतं. भिंतीच्या बरोबर खाली, खूप खाली, सगुणाला आपल्या भट्टीचा धूर दिसला. तिची लेकरं तिथंच खेळत असणार.

"ही फुटली तर आमचं गाव ऱ्हायचं न्हाई," ती म्हणाली.

बिरानं मावळतीचा काठ न्याहाळला. तो सखल होता. "हिथं चर खणला तर पाणी हळूहळू आमच्या घळीनं उतरंल. पर घळीत आमचं सातूचं पीक हुभं हाय. गावाला इचारावं लागंल."

त्यानं टोपलीत काळा बर्फ भरला आणि तो घाईनं उतरला. सगुणा आपल्या गावाला जागं करायला धावली.

मावळतीच्या चौकात गाव जमलं. "पाणी त्यांच्या अंगावर येतंय, मग पीक आमचं का जावं?" एक म्हणाला. "आपुन त्यांला वळखतबी न्हाई," दुसऱ्यानं री ओढली. पाटील घळीकडे बघत होते. घळीतलं पहिलं शेत त्यांचंच होतं.

बिरानं टोपली त्यांच्यापुढे ठेवली. बर्फ वितळत होता, काळं पाणी फरशीवरून वाहत होतं.

"पाटील, यातली आपली राख तेवढी येगळी काढून दावा. तेवढंच पाणी आपलं म्हणू."

पाटलांनी बर्फात हात घातला. बोटं काळी झाली. त्यांनी हात बाहेर काढला. मग म्हणाले, "पहारी काढा."

दोन्ही गावं प्रथमच तळ्याकाठी भेटली. उगवतीची माणसं भाकऱ्या, कुदळी आणि धान्याची पोती घेऊन आली होती. "पीक तुमचं जाणार, तर वर्सभर आमची कणगी निम्मी तुमची," असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. इथून पुढे राख ज्याची त्यानं आपल्या शेतात घालायची, हेही तिथंच ठरलं. मग सगळ्यांनी मिळून चर खणला.

पाणी घळीत उतरलं आणि हिरवागार सातू आडवा झाला. पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही. उगवतीची एक म्हातारी त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली.

तळं ओसरत गेलं. भर उन्हाळ्यात एका दुपारी ती भिंत कोसळली. असा गडगडाट झाला की दोन्ही गावांतली भांडी फळ्यांवरून खाली आली. घराएवढाले बर्फाचे तुकडे रिकाम्या तळ्यात आदळले. पांढरा धुरळा शिखराच्याही वर चढला आणि उन्हात सात रंगांनी झळाळला. जो तो जागच्या जागी थिजला. एवढ्या बलाढ्य डोंगरापुढे आपण केवढेसे, हे त्या दिवशी लहानथोर सगळ्यांना कळलं.

उगवतीच्या ओढ्याला गुडघाभर पाणी आलं आणि ओसरून गेलं.

पाटील धापा टाकत कड्यावर चढले. धुरळ्यात काही दिसेना. छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन ते खाली उगवतीच्या गावाकडे ओरडले, "हायसा का रं समदी?"

डोंगरानं तो शब्द कड्यावरून कड्यावर देत खाली पोचवला. मग खालून सगुणाचा आवाज आला, "हाय! समदी हाय!"

तात्पर्य एवढंच: पलीकडे ढकललेलं संकट कुठंही जात नाही, ते दोघांच्याही डोक्यावर साचत राहतं, आणि डोंगराएवढं ओझं उतरवायला डोंगराच्या दोन्ही बाजूंचे हात लागतात.