महाराजांच्या अंगठ्याला दोरी

सोनगिरीच्या राजाला सरमिसळीचा भारी तिटकारा. आमटीचा ओघळ भाताला लागला, तरी स्वारी पानावरून उठायची! अशा राजाच्या कानावर गेलं, की कापड विणणाऱ्या साळ्यांनी तोफांच्या कारखान्यात संसार थाटलाय. मग काय, महाराज तडक तिथं हजर.

खरं तर कारखाना कधीचाच ओस पडला होता. लढाया संपल्या, भट्ट्या विझल्या, आत वटवाघळं नांदू लागली. यंदा नदीनं साळ्यांची आळी धुऊन नेली, तेव्हा हौसा साळणीनंच सगळ्यांना इथं आणलं. तोफा ओतायच्या भट्टीवर भाकऱ्या, तुळईला पाळणा आणि त्याला खेटून माग, असा सगळा थाट.

महाराजांनी डोळेच मिटून घेतले. मग मधोमध खडूची रेघ ओढायला लावली. अलीकडे घर, पलीकडे कारखाना. घराकडे कामाची वस्तू नको, कारखान्याकडे पोराबाळांचं काही नको. जो जिथं बसेल, त्यानं दिवेलागणीपर्यंत रेघ ओलांडायची नाही. सरमिसळ दिसली, की सगळ्यांनी बोचकी उचलायची.

"पहारा आम्ही स्वतः करू," महाराज म्हणाले. "आणि रेघ आम्हीसुद्धा ओलांडणार नाही!"

इथून उठलं तर जायचं कुठं? हौसानं पदर खोचला. आपल्या तान्ह्या म्हादूला पोटभर पाजून पाळण्यात टाकलं आणि झाडून सगळ्यांना कारखान्याकडे नेलं. सासूबाईसुद्धा मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसल्या, म्हणजे त्याही कामातच. महाराजांनी मागांवर नजर ठेवायला खुर्ची तिकडेच मांडली, अगदी रेघेला लागून. सोबत आलेले दिवाणजी शेजारी बसून राज्याचे अर्ज वाचू लागले.

आणि म्हादूनं भोकाड पसरलं.

हौसाचा जीव तुटत होता, पण हात मागावरून हलला नाही. महाराज गरजले, त्याला गप्प करा. ती म्हणाली, पोर पडलं घराकडचं, आम्ही कारखान्याकडचे, रेघ कशी ओलांडायची? शेवटी दिवाणजींनी रेघेवरूनच वाकून टाळ्या वाजवल्या, तोंडं वेडीवाकडी केली. त्यांच्या मिशा बघून पोर जास्तच किंचाळलं.

"अगं, एरवी कसं झोपतं हे?" महाराजांनी कानांत बोटं घातली होती.

हौसानं सांगितलं, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि आपलं काम करत राहायचं. पण आज ती बांधली तर सरमिसळ होईल, बोचकी उचलावी लागतील.

दोरीचं टोक महाराजांच्या पायाशीच पडलं होतं. ते तिथं कोणी सोडलं, हे हौसाला विचारू नका.

महाराजांनी इकडंतिकडं पाहिलं, मोजडी काढली, दोरी अंगठ्याला गुंडाळली. "हं, वाचा पुढचा अर्ज." पाय हलू लागला, पाळणा झुलू लागला. म्हादू झोपला आणि राज्याचे तुंबलेले अर्जही भराभर निकालात निघाले. साळ्यांनी तोंडात उपरण्याचे बोळे कोंबले.

हौसा कात्री घेऊन उठली.

"महाराज, पोर घरात आहे आणि तुमचा पाय कारखान्यात. आता तुम्हीच सांगा, दोरी नेमकी कुठं कापू?"

"हळू बोल की! उठेल ना तो!" महाराज दबक्या आवाजात खेकसले.

मग आपण काय बोललो, ते त्यांच्याच ध्यानात आलं. पोट धरधरून हसले बिचारे, तेही आवाज न करता! साळ्यांनी इथंच राहावं, इथंच विणावं, कारखाना पिढ्यान्‌पिढ्या त्यांचाच, असा हुकूम त्यांनी कुजबुजत सोडला.

रेघ मात्र दिवाणजींना पुसावी लागली. महाराजांना पाय थांबवून चालणार नव्हतं.