कातळवाघांची किंमत

"पण हरणाऱ्या संघाला एवढे पैसे कोण देतो रे?" अण्णांनी विचारलं.

सुधाकर मांडवकर हसला. त्याला हाच प्रश्न हवा होता.

अण्णा भुवडांनी आमच्या गावाला कबड्डी शिकवली. आमच्या मंडळाचे अध्यक्षही तेच. सुधाकर हा त्यांचा सगळ्यात लाडका गडी. पुढे तो पुण्याला गेला, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या धंद्यात कमावलं आणि व्यावसायिक लीगमधला एक अख्खा संघच विकत घेतला. आता तोच संघ तो विकायला निघाला होता. घेतल्या किमतीच्या कितीतरी पट भाव आला होता, आणि संघ तर कायम तळाला.

मंडळाच्या खोलीबाहेर बसलेल्या आम्हा सगळ्यांना सुधाकरने समजावून सांगितलं. लीगमध्ये संघ दहाच. अकरावा घेत नाहीत. बाहेर मात्र पैसेवाल्यांची रांग लागलेली. त्यामुळे संघ जिंको की हरो, वर्षाला नफा होवो की तोटा, जो आत आहे त्याचा भाव चढतच राहतो. हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलला होता, जणू दहाचा नियम त्यानेच केला होता.

"म्हणजे भाव खेळाला नाही," अण्णा म्हणाले.

"नाही."

"बंद दाराला आहे."

"तसं म्हणा, अण्णा."

अण्णांनी समोरच्या मैदानाकडे पाहिलं. त्याला दार सोडाच, कुंपणही नाही.

ते मैदान म्हणजे मूळचा कातळ. पावसाळा सरला की गावातली बायामाणसं शेतातली माती टोपल्यांनी वर आणून पसरतात, तेव्हा कुठे खेळता येतं. पूर्वी तेवढीही माती नसायची. गुडघे सोलवटून निघायचे, पण गडी पकड सोडायचे नाहीत. शेजारच्या गावचे चिडवायचे, आले बघा कातळावरचे वाघ. चिडवता चिडवता मंडळाला नाव पडलं, कातळवाघ.

सुधाकरने संघ घेतला तेव्हा नाव मागायला तो इथेच आला होता. अण्णांनी क्षणभरही विचार केला नाही. नाव दिलं, वर नारळ फोडून गावभर खोबरं वाटलं. टीव्हीवर आमचं नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा अण्णा रडले होते. मी शेजारीच होतो. संघ त्या दिवशीही हरलाच, पण ते कुणाला आठवत नाही.

सुधाकर चहा ढवळत बसला. चहा बिनसाखरेचा होता.

"अण्णा... घेणाऱ्यांची एक अट आहे."

"बोल."

"नाव फक्त त्यांचंच राहील. दुसऱ्या कुणाला वापरता येणार नाही."

"दुसरं कोण वापरतंय?"

सुधाकरने मागे मंडळाच्या खोलीकडे पाहिलं.

अण्णांना कळलं. कळायला त्यांना जरा वेळ लागला, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मग मंडळाने नाव सोडल्याचा कागद सुधाकरने पुढे ठेवला आणि तो भराभर बोलू लागला. दरवर्षी पदरचे घालून थकलो, घरात भांडणं होतात, वयही झालं. मंडळाला दुसरं चांगलंसं नाव घेता येईल. नवे गणवेश मी देतो, मॅट देतो, वर पत्र्याचं छप्पर घालून देतो. त्यात खोटं काही नव्हतं. एवढा पैसा समोर आला असता तर आमच्यातल्या कुणी वेगळं केलं असतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"या भावात नावाचे किती धरलेत?"

"सगळ्यात जास्त नावाचेच." सुधाकरचा आवाज खाली आला. "खेळाडू करार संपला की जातात. स्टेडियम भाड्याचं. नाव तेवढं लोकांच्या तोंडी बसलंय."

"आणि मी कितीला दिलं होतं?"

"...फुकट, अण्णा."

मला राहवलं नाही. सही करू नका, असं मी म्हणालो. अण्णांनी हातानेच मला गप्प केलं.

"दिलेलं परत मागायचं नसतं," ते म्हणाले.

त्यांनी कागद ओढला आणि सही केली. मग गुडघ्यावर हात टेकत उठले. मंडळाच्या खोलीवर नावाची पाटी होती, रंग उडालेली. ती खिळ्यावरून उतरवली, पंच्याने पुसली आणि भिंतीकडे तोंड करून उभी ठेवली. आम्ही कुणी मदतीला उठलो नाही. उठवेना.

सुधाकरचे डोळे भरून आले. ते अश्रू खरे होते. त्याने अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अण्णा, संघ गेला तरी मी शिमग्याला येणार. जुन्या खेळाडूंच्या सामन्यात उतरणार. काही झालं तरी मी आपल्या मंडळाचाच आहे."

अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"कुठल्या मंडळाचा, सुधा?"