आपला चित्रपट आस्थेने पाहिला

"म्हणजे माझं सिनेमावर प्रेम नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला, अण्णा?"

विचारणारा श्रीरंग हेरलेकर. एका मोठ्या शहरातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा संचालक.

अण्णा मगदूम आमच्या इचलकरंजीचे, निवृत्त चित्रकला शिक्षक. इथली फिल्म सोसायटी त्यांनीच काढली. श्रीरंगला जगातला सिनेमा दाखवला तोही त्यांनीच, शाळेच्या हॉलमध्ये, सतरंजीवर बसवून.

आता श्रीरंगवर पुस्तक निघत होतं. प्रस्तावना अण्णांचीच हवी, म्हणून रविवारी सकाळी स्वारी गाडी घेऊन त्याच हॉलवर हजर झाली होती. अण्णा मात्र आढेवेढे घेत होते.

"चार ओळी लिहा फक्त. याचं सिनेमावर खरं प्रेम आहे, एवढंच. दुसऱ्या कुणी लिहिलं तर मला ते पटणार नाही."

अण्णांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"वर्षाला किती सिनेमे बघतोस रे?"

"चारशे तरी होतात."

"बस की मग. आणखी एक बघू."

सोसायटीचा प्रोजेक्टर पहिल्यापासून मीच चालवतो. मी खिडक्यांवर चादरी टाकल्या आणि तो लावला. सुरुवातीची नावं येऊ लागली तसा अण्णांनी भिंगासमोर तळहात धरला. सोसायटीचा हा जुना नियम. आधी नाव कळलं, की माणूस सिनेमा बघत नाही, नाव बघतो, असं ते म्हणायचे.

श्रीरंग हसला. "अजून तसंच करता?"

सिनेमा एका बाईचा होता. पहिली अकरा मिनिटं नुसता यंत्रमाग धडधडतो आणि ती तुटलेले धागे जोडत राहते. कान किटतात. मग वीज जाते, माग थांबतो, आणि आतल्या खोलीतून म्हाताऱ्या सासऱ्याची हाक ऐकू येते. तो केव्हापासून हाका मारत होता, कुणास ठाऊक.

श्रीरंग रडला. खोटं कशाला सांगू, अगदी मनापासून रडला. मला मात्र त्या रडण्याची चीड आली, कारण पुढचं मला माहीत होतं.

शेवटची नावं यायच्या आत अण्णांनी प्रोजेक्टर बंद केला.

"कुणाचा आहे हा?" श्रीरंग डोळे पुसत म्हणाला. "काय हिंमत आहे, अण्णा! ती सुरुवातीची संथ गती... तीच तर खरी कमाई. हा आमच्याकडे कसा आला नाही?"

अण्णांनी कपाटातून एक कागद काढून त्याच्या हातात दिला.

"वाच. मोठ्यानं."

श्रीरंगनं वाचायला सुरुवात केली. "आपला चित्रपट आस्थेने पाहिला. तथापि, सुरुवातीची गती फारच संथ वाटल्याने..."

पुढं त्याला वाचवेना. खाली त्याचीच सही होती. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

"रेवती चौगुलेचा सिनेमा," अण्णा म्हणाले. "तुझ्याच शेजारी सतरंजीवर बसायची ती. सहा वर्षं खपली यावर."

"अण्णा, हजार सिनेमे येतात हो... पहिली दहा मिनिटं बघून ठरवावं लागतं. गाडीत, फोनवर... सगळेच तसं करतात."

"दहा?"

"दहा."

मीच न राहवून म्हणालो, "वीज अकराव्या मिनिटाला जाते, श्रीरंग."

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"यंदा घेतो. उद्घाटनालाच लावतो!"

"दोन वर्षांच्या आतलाच सिनेमा घ्यायचा, हा नियम कुणाचा?"

"माझाच. बदलतो मी तो. तिला फोन लावा, मी स्वतः बोलतो."

"लावला होता. तुझं हे पत्र सोसायटीच्या पत्त्यावर आलं, त्या दिवशी. म्हणाली, श्रीरंगनं पाहिला आणि त्याला नाही आवडला, म्हणजे आपल्याला जमतच नाही, अण्णा." अण्णांनी कागदाची घडी घातली. "आता सूतगिरणीत हजेरी लिहिते. पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही तिनं."

चादरी काढायचंही मला सुचलं नाही.

"म्हणजे तुम्ही लिहिणार नाही," श्रीरंग शेवटी म्हणाला. "माझं प्रेम खोटं आहे, असंच ना?"

अण्णांनी त्याच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"खोटं असतं, तर मी तुला माफ केलं असतं."