शिशात बसवलेली कडी

“खरं बोललो, यात माझं काय चुकलं, बाबा?”

शिदूबाबांनी मान वर केली नाही. घाटाच्या पायरीवर शेगडी पेटली होती आणि लोखंडी पळीत शिसं वितळत होतं. मठात येण्याआधी बाबा पाथरवट होते. नाव बांधायची नवी कडी आज त्यांनीच बसवायला घेतली होती.

विचारणारे दौलतराव. मोठे खरे गृहस्थ. त्यांच्या खरेपणापुढे गावात कुणी फार वेळ बसत नसे. ‘तुझ्या हातून काही व्हायचं नाही,’ असं त्यांनी पोटच्या मुलाला चारचौघांत सुनावलं. मुलगा नदीपलीकडे राहायला गेला तो परत आला नाही. तेव्हापासून घर त्यांना खायला उठत होतं.

“दुकान बुडवलं त्यानं. बुडवलं म्हणालो. खोटं होतं का?”

“नव्हतं… जरा सरका.”

बाबांनी कडीचा दांडा दगडातल्या भोकात उभा धरला आणि भोवतीनं शिसं ओतलं. चांगलं निवू दिलं.

“आता नख दाबा.”

दौलतरावांनी दाबलं. शिशावर नखाची खूण उमटली. त्यांना हसू आलं.

“इतकं मऊ? आणि याच्या भरवशावर भरलेली नाव बांधणार?”

बाबांनी शेजारच्या पायरीकडे बोट केलं. तिथला दगड आरपार तडकला होता.

“जुनी कडी तिथं होती. लोखंडाची पाचर ठोकून गच्च बसवलेली. नाव हिसके देत राहिली…”

“दगड कच्चा असेल.”

“दगड पक्का होता. लोखंडही पक्कं होतं.”

दौलतराव त्या तड्याकडे बघत राहिले.

“मग काय, खोटं बोलू मी?”

“शिसं खोटं आहे का?”

…

नाव आली. नावाड्यानं नव्या कडीला दोर बांधला. प्रवाहानं नाव ओढली, दोर ताणला गेला, कडी जागची हलली नाही.

दौलतराव उठले. पायऱ्या उतरले, एक पाय नावेत टाकला आणि तसेच थांबले.

“बाबा… त्याच्या दारात गेल्यावर पहिलं काय बोलू?”

बाबा पळी पुसत होते.

“जेवलास का, विचारा.”