झाडावर मळलेली तंबाखू

एकदा एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामावर जांभळाचे जुने झाड झुकले. वारा सुटला की फांद्या पत्र्यावर आपटत. पत्रे फुटले तर आतली पोती भिजणार, म्हणून त्याने झाडे उतरवणाऱ्या एका म्हाताऱ्याला बोलावले. म्हातारा आपल्या शिष्याला घेऊन आला.

शिष्य पंचविशीचा होता, चपळ आणि हिंमतवान. तीन वर्षे हाताखाली काढल्यावर आता त्याला स्वतःची कामे घ्यायची होती. वाटेत म्हातारा त्याला म्हणाला होता, "आजचं झाड मनासारखं उतरवलंस, तर उद्यापासून तू मोकळा. नाहीतर आणखी एक वर्ष माझ्याबरोबर."

शिष्य दोराने झपाझप वर गेला. डाव्या हाताने त्याने शेजारची फांदी धरली आणि उजव्या हातात मशीनची करवत घेऊन पहिली फांदी कापली. ती धाडकन खाली आली. गोदामाचे हमाल खूश झाले. दुसऱ्या फांदीला करवत लागणार, एवढ्यात म्हाताऱ्याने शिट्टी वाजवून काम थांबवले.

"मशीन बंद कर. दोराला बांधून खाली सोड."

शिष्याने मशीन खाली सोडले. म्हाताऱ्याने ते सोडवून घेतले आणि त्याच दोराला आपली तंबाखूची चंची बांधून वर पाठवली.

"मला एक चिमूट मळून दे. चुना बेताने घाल."

हमाल हसू लागले. व्यापारी म्हणाला, "आबा, खाली माणसं कमी पडली का? आणा, मी मळून देतो."

"नको शेठ. वरची हवा लागलेली पाहिजे."

"आबा, लोक बघतायत," शिष्य वरून म्हणाला. "कापू द्या की. तासाभरात मोकळं करतो."

"बघू देत. तू मळ."

शिष्याने दात आवळले. तळहातावर तंबाखू घेण्यासाठी त्याने डावा हात फांदीवरून सोडला आणि त्याचे अंग एका बाजूला फिरले. घाईने त्याने पुन्हा फांदी धरली. तंबाखू आणि चुना व्यापाऱ्याच्या टोपीवर पडला.

"आबा, ही मला नको होती," व्यापारी टोपी झटकत म्हणाला.

शिष्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी त्याने घट्ट धरलेली फांदीच काडकन मोडली. जांभळाचे लाकूड ठिसूळ असते. तो झोका घेऊन खोडावर आदळला आणि कमरेच्या दोराला लोंबकळत राहिला. खाली कोणी हसले नाही.

थोडा वेळ तो तसाच होता. मग म्हणाला, "दुसरा दोर पाठवा."

दुसरा दोर म्हाताऱ्याच्या हातात तयारच होता. शिष्याने तो खोडाभोवती घेतला, दोन्ही टोके कमरेच्या पट्ट्याला अडकवली, पाय खोडावर रोवले आणि मागे रेलला. अंग स्थिर झाले. मग त्याने सावकाश तंबाखू मळली, वरची धूळ फुंकली आणि चंचीत घालून खाली सोडली. म्हाताऱ्याने ती चिमूट दाढेत धरली आणि मशीन वर पाठवले.

आता शिष्याचे दोन्ही हात मशीनवर होते. काम चालू झाले. चौथ्या फांदीपाशी पानांआड लपलेल्या एका खुंटाला करवतीचे टोक लागले आणि मशीन एकदम उसळून त्याच्या अंगावर आले. दोन्ही हातांनी त्याने ते आवरले. डाव्या मनगटाचा धक्का मशीनच्या पुढच्या ब्रेकच्या पट्टीला बसला आणि करवतीची साखळी जागीच थांबली. ज्या बाजूला एरवी त्याने डाव्या हाताने फांदी धरली असती, तिथेच तिचे दाते येऊन थबकले होते.

तो खाली उतरला, पाणी प्यायला आणि म्हाताऱ्याजवळ बसला.

"आबा, तिथे खुंट आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नव्हतं. ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का? पानांमागे काय आहे ते कोणालाच दिसत नाही. मशीन उसळणार नाही असं मी तुला कधी म्हणणार नाही. ते उसळेल तेव्हा दोन्ही हात त्याच्यावर असावेत, एवढंच आपण बघायचं. तू डाव्या हाताने झाड धरलंस, कारण पडायची भीती होती. भीती खोटी नाही. पण तुला धरून ठेवणं हे दोराचं काम आहे. ते तू हाताला दिलंस, आणि हाताचं काम तसंच राहिलं. म्हणून तंबाखू मागितली. वर बसून निवांत मळता आली, म्हणजे दोर आपलं काम करतोय."

म्हाताऱ्याने बाजूला पिंक टाकली.

"माझा थोरला भाऊ एका हाताने कापायचा. माझ्याहून चांगला कापायचा. लोक सायकल थांबवून बघत राहायचे. मलाही बरं वाटायचं. त्याच्या शेवटच्या दिवशी दुसरा दोर माझ्या खांद्यावर होता. त्याने मागितला नाही. मी धाकटा, त्याला काय शिकवणार, म्हणून मीही दिला नाही."

शिष्याने शेजारी पडलेला दुसरा दोर उचलून नीट गुंडाळला. मग त्याने विचारले, "उद्याचं काय, आबा?"

"आधी हे झाड उतरव."

शिष्य उठला. दुसरा दोर त्याने स्वतःच कमरेला लावला आणि वर गेला. नव्या जागी पोचल्यावर आधी त्याने तो खोडाभोवती घेतला, मागे रेलून दोन्ही हात मोकळे करून पाहिले आणि मगच मशीन ओढून घेतले.

म्हातारा तीन वर्षांत पहिल्यांदाच झाडाकडे पाठ करून बसला. व्यापाऱ्याने चहा आणला होता. म्हाताऱ्याने चूळ भरली आणि चहा बशीत ओतला.

"आबा, वर लक्ष नको का?" व्यापाऱ्याने विचारले.

"आहे की," म्हातारा म्हणाला. "त्याचं आहे."