अप्पांची नवी दाढ

एका बाजारपेठेच्या गावी एकदा एक धान्याचा आडत्या होता. फार जुन्या काळातला नव्हे, तुमच्या-आमच्या काळातलाच. नाव मल्लिनाथप्पा, सारा बाजार त्यांना अप्पा म्हणे. अप्पांचा स्वभाव असा, की पुजाऱ्याने हातावर तीर्थ घातलं तरी आधी वास घेतील, मग पितील. पण हा संशयच त्यांचं भांडवल होता. ज्वारीचं पोतं समोर आलं, की अप्पा एक दाणा डाव्या दाढेखाली धरत, कट्कन फोडत आणि डोळे मिटून सांगत, "ओला आहे. ऊन दाखवून आण." त्या दाढेचा निवाडा अख्खा बाजार मान्य करी.

तीच दाढ किडली आणि काढावी लागली. उजवीकडच्या तर आधीच गेल्या होत्या. मग दाणा चावून बघण्याचं काम आलं वीरेशकडे, त्यांच्या एकुलत्या एका मुलाकडे. वीरेशने "वाळलाय" म्हटलं, की अप्पा पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघत. त्याने भाव सांगितला, की अप्पा त्याच शेतकऱ्याला कोपऱ्यात नेऊन पुन्हा विचारत. चारचौघांत रोज असं झाल्यावर पोरगा तरी किती सोसणार? एक दिवस तो सरळ म्हणाला, "अप्पा, तुमचा माझ्यावर भरवसाच नसेल तर मी जातो. सोलापुरात नोकरी बघितलीय."

अप्पांच्या मनात आलं, हा गेला तर दुकान कुणासाठी, आणि घर तरी कुणासाठी? पण तोंडातून निघालं काय, तर "नोकरी देणारा कोण आहे? नीट चौकशी केलीस का?"

आपली दाढ परत आली, की सारं सुरळीत होईल, अशी अप्पांनी मनाची समजूत घातली आणि गावातल्या वृद्ध दंतवैद्यांकडे गेले. हे गृहस्थ शांत, मोजकं बोलणारे. त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टरीण शिकत होती. त्यांनी अप्पांच्या जबड्याच्या हाडात स्क्रू बसवला, वर एवढीशी टोपी लावली आणि म्हणाले, "आता काही महिने या बाजूने चावायचं नाही. हाड स्क्रूला धरेल, मग त्यावर दाढ चढवू."

काही महिने! अप्पांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. आत खरोखर धातू आहे, की नुसती टोपी चिकटवून बोळवण केली? आधी जिभेने चाचपून झालं. मग अंगठ्याने दाबून झालं. शेवटी एका दुपारी, गादीवर कुणी नाही असं बघून, त्यांनी टोपीवर ज्वारीचा दाणा ठेवला आणि हळूच दाबला. दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी जरा जोर लावला. मग तो नेमच होऊन बसला.

आणि एके सकाळी स्क्रू डुगडुगला! अप्पा तडक दवाखान्यात. "डॉक्टर, मला आधीच शंका होती! माल खोटा निघाला तुमचा!"

वृद्ध वैद्यांनी आरसा धरून पाहिलं. चिमट्याने आतून काहीतरी बारीकसं काढलं आणि कापसात गुंडाळून ठेवून दिलं.

"काय काढलंत? दाखवा बघू."

"अडकलं होतं जरासं. अप्पा, हा स्क्रू काढावा लागेल. जखम भरली, की मी दुसरा बसवतो. त्याचं काही घेणार नाही."

शिष्येने चमकून गुरूंकडे पाहिलं. ते अप्पांनी टिपलं. फुकट? म्हणजे पाणी नक्की मुरतंय! सुटलेला स्क्रू काढून झाल्यावर अप्पा नमस्कार करून बाहेर पडले खरे, पण चपला शोधण्याचं निमित्त करून पडद्याआडच थबकले. आता हे दोघं आपल्याला हसतील, अशी त्यांची खात्री होती.

आत शिष्या म्हणाली, "सर, ते ज्वारीचं फोलपट होतं. त्यांनी स्वतःच चावून स्क्रू सैल केला. तुम्ही दाखवलं का नाही? उगाच दोष आपल्या माथी कशाला?"

"दाखवलं असतं, तर ते मीच तिथे ठेवलं असं त्यांना वाटलं असतं. संशयी माणसाच्या हाती पुरावा दिला, तर तो पुरावाही चावून बघतो, पोरी." वृद्ध वैद्य हात धुऊ लागले. "त्यांनी वाईट बुद्धीने नाही चावलं. खात्री हवी होती त्यांना. पण हाडाचा धर्म वेगळा. ते कणाकणाने वाढतं, आणि तेही कुणी हलवत नसेल तरच. रोज हलवून 'धरलंस का' विचारलं, तर धरू पाहणारं हाडही सोडून देतं. मग माणूस म्हणतो, बघा, मला शंका होतीच. अरे, ती खरी कुणी केली?"

"दुसऱ्या वेळीही चावले तर?"

"तर पुन्हा सुटेल. पण मी काही रोज फोन करून विचारणार नाही, की अप्पा, आज चावलंत का म्हणून."

पडद्याआड अप्पांचे कान तापले. लाज वाटली, पण ती दाढेची नव्हती. त्यांना दिसत होता चारचौघांसमोर खाली मान घालून उभा असलेला वीरेश. गादीवर त्याला बसवलं आपण, आणि रोज हलवून पाहिलंही आपणच. आपणच त्याला सोलापूरच्या वाटेला लावलं, हे त्यांना फार लागलं.

ते दुकानात आले, तेव्हा तुरीची गाडी उतरत होती. वीरेशने सवयीने बाजूला होऊन त्यांना वाट करून दिली. "बघून घ्या अप्पा. मी पाहिलीय. वाळलेली आहे."

अप्पांचा हात पोत्याकडे निघालाच होता. त्यांनी तो मागे घेतला, धोतराला पुसला आणि गादीच्या एका कडेला जाऊन बसले.

"तू पाहिलीस ना? मग घे उतरवून."

हमाल एकमेकांकडे बघू लागले. वीरेश जवळ आला. "अप्पा, बरं वाटत नाही का? का डॉक्टरांनी काही सांगितलंय?"

"नाही रे. काम कर तू."

वीरेश वळला खरा, पण दिवसभर अधूनमधून चोरून बापाकडे बघत राहिला. आता उठतील, मग उठतील, आणि पोत्यात हात घालतील म्हणून. अप्पांच्या ते ध्यानात आलं, आणि राग काही आला नाही. एका शब्दावर त्याचा विश्वास बसावा, असं आपण वागलोच कुठे होतो? त्यालाही धरायला आता वेळ लागणार होता.