हिंगाच्या डब्यातली खीर

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याचे पोट वाढत चालले आणि घरातला मान घटत चालला. गावातल्या वृद्ध वैद्यांची शिष्या वैजयंती हिने त्याला पथ्य लावून दिले होते. साखर बंद, तळण बंद, रात्री अर्धीच भाकरी. तरी पोट जागचे हलेना, थकवा जाईना. अखेर पत्नीच त्याला वैद्यांपुढे घेऊन आली.

"हे दुकानात चोरून जिलेबी खातात," तिने सरळ सांगून टाकले.

"देवाशप्पथ, तोंडाला लावली नाही!" व्यापारी रडकुंडीला आला. "ताई, तुम्ही तरी विश्वास ठेवा हो."

वैजयंतीने विश्वास ठेवला नाही. पथ्य चुकणे शक्यच नव्हते, कारण ते तिने स्वतः ठरवले होते. तेव्हा खोटा असणार तो व्यापारीच.

वैद्यांनी मात्र निराळेच विचारले. "शेटजी, दुपारी जेवण कशात येते?"

"प्लास्टिकच्या डब्यात. अगदी वाफाळते येते! चहाही टपरीवरून येतो, पातळ पिशवीत, गरमागरम. आणि दुकानात सुगंधी फवारा दिवसभर चालू. गिऱ्हाइकाला प्रसन्न वाटते."

वैद्य उठले. चुलीवर खीर उकळत होती. फडताळातला प्लास्टिकचा रिकामा हिंगाचा डबा काढून त्यांनी ती त्यात ओतली, झाकण लावले आणि खुशाल पावसापाण्याच्या गप्पा मारत बसले. पथ्यावरच्या माणसाला खीर! वैजयंतीला काही उमजेना. थोड्या वेळाने त्यांनी तिघांच्याही हातावर चमचाभर खीर ठेवली.

तिन्ही तोंडे एकदम वाकडी झाली.

"गुरुजी, डबा मी घासला होता!" वैजयंती कळवळून म्हणाली. "उन्हात वाळवला होता. कणभर हिंग नव्हता त्यात."

वैद्य मनमुराद हसले. "तुझ्या घासण्यात खोट नाही, बाळ. हिंग डब्याच्या अंगात मुरला होता, तो उष्ण खिरीत उतरला. त्याला वास आहे म्हणून आपल्याला कळले. डब्याच्या स्वतःच्या घडणीतही काही द्रव्ये असतात. तीही उष्ण अन्नात उतरतात, पण त्यांना वास नाही, चव नाही. पिशवीतल्या चहाचेही तेच, आणि सुगंधी फवाऱ्यातली अशी काही द्रव्ये श्वासावाटे आत जातात. भूक, झोप, मेद यांचा कारभार शरीरातली संप्रेरके अत्यंत सूक्ष्म निरोपांनी चालवतात. यांतली काही द्रव्ये तसाच खोटा निरोप देतात, नाहीतर खरा निरोप अडवतात, असे अभ्यासकांना दिसू लागले आहे. मग बेताने खाणाऱ्याचे शरीरही साठवत बसू शकते. सारा दोष डब्याचा असे मी म्हणत नाही. शेटजी गादीवरून उठत नाहीत, तेही आहेच. पण कारण आपल्याला दिसले नाही, एवढ्यावरून रोगी खोटा ठरत नाही."

व्यापारी उठून उभाच राहिला. "ऐकलंस? जिलेबी नव्हती!"

"ऐकलं हो," पत्नी पदराने हसू दाबत म्हणाली. "उद्यापासून स्टीलचा डबा. आणि तो न्यायला तुम्हीच चालत घरी यायचं."

सगळे खळखळून हसले. वैजयंतीही हसली, पण तिचे कान तापले होते. "शेटजी, माझं चुकलं," ती म्हणाली, आणि तिला फार हलके वाटले.

ते दोघे जातात न जातात तोच एक स्थूल बाई दारातून आत आली. बसण्याआधीच ती घाईघाईने म्हणाली, "मी खरंच फार खात नाही हो."

वैजयंतीने तिच्यासाठी पाट सरकवला. "माझा विश्वास आहे," ती म्हणाली. "बसा. सकाळी उठल्यापासूनचा तुमचा सगळा दिवस मला सांगा."